थप्पीवरून पडला

"बाही वर कर."

डॉक्टर एवढंच म्हणाला, माझ्याकडे न पाहता. मी शर्टाची बाही वर सारली. कोपराच्या आतल्या अंगाला लिंबाएवढं गळू होतं. पिकलेलं, तापलेलं. त्याच्या वरखाली सुया टोचल्याचे काळे डाग, थेट मनगटापर्यंत. मागे रांगेतली एक बाई "अगं माय" म्हणाली आणि तिनं कडेवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं.

टेबलाजवळ पेशंटसाठी लोखंडी स्टूल होतं. मी बसायला वाकलो तसं डॉक्टरनं ते पायानं मागे ओढलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "हा पेशंट नाही. हा नशेडी आहे. स्वतःच्या हातानं भोकं पाडून घेतो आणि निस्तरायला सरकारकडे येतो." रांगेत गावचे गुरुजी होते, सोसायटीचा सचिव होता, माझ्या बहिणीच्या सासरचे दोघे होते. सगळ्यांनी माझा हात पाहिला. मला बाही खाली करायचंही सुचलं नाही.

सिस्टरला तो म्हणाला, "केसपेपर काढू नका. ड्रेसरला सांगा, मागं घेऊन जा. आत नको."

मागं म्हणजे दवाखान्याच्या पाठीमागे. तिथे एक नळ होता आणि वापरलेला कापूस, पट्ट्या जाळायचा खड्डा होता. ड्रेसर म्हातारा माणूस, निवृत्तीला आलेला. त्यानं गळू माझं मलाच दाबायला लावलं. मी दाबलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. मग हातभर लांब उभा राहून त्यानं बाटलीतलं औषध वरून ओतलं. हात लावला नाही. कापसाचा बोळाही माझ्या तळहातावर वरूनच टाकला आणि आत निघून गेला.

माझा बाप बाजूला सायकल धरून उभा होता. एका हातानं मला सायकल चालवता येत नव्हती म्हणून तो आला होता. त्याच्या लहानपणी पाटलाच्या अंगणात तोही अशीच ओंजळ धरून उभा राहायचा आणि वरून पाण्याची धार पडायची, हे त्यानं आम्हा भावंडांना कितीदा सांगितलं होतं. सांगून झालं की म्हणायचा, ते दिवस छप्पन सालीच गेले. आणि हा डॉक्टर कोण? आमच्याच समाजाचा. त्याची बदली इथे झाली तेव्हा आमच्या वस्तीच्या विहारात त्याचा सत्कार झाला होता. आपला पोरगा साहेब होऊन आला म्हणून बाया रडल्या होत्या. हार घालायचा मान माझ्या बापाला मिळाला होता.

परत येताना बाप सायकल हातात धरून चालत होता. दोन्हीकडे बांध्यांमध्ये धान उभा होता. बोडीपाशी, गावच्या तळ्यापाशी, आल्यावर तो थांबला.

"पाटील तं पाटील होता," तो म्हणाला. "याले तं मीच हार घातलो."

त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मला राग आला नव्हता. लोकांना वाटतं अपमान झाला की माणूस पेटून उठतो. काही पेटत नाही. मला वाटलं डॉक्टर बरोबर बोलला. मी घाण आहे, म्हणून मला घाणीच्या खड्ड्यापाशी नेलं. घरी येऊन मी पूर्ण बाहीचा शर्ट शोधला आणि त्या दिवसापासून भर मे महिन्यातही बाहीचं बटण उघडलं नाही.

पण ती सुई मला कोणी दिली, हे त्या रांगेत कोणी विचारलं नाही. दोन हजार तीन की चार, साल नीट आठवत नाही, मी तेव्हा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये हमाली करायचो. पाठीवर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, घ्यायचे, डुगडुगत्या फळीवरून वर चढायचं आणि कट्ट्यावर कट्टा रचायचा. त्या रचलेल्या ढिगाऱ्याला थप्पी म्हणतात. थप्पी छपराला लागेपर्यंत वाढते. एक दिवस माझ्या कमरेत अशी चमक निघाली की मी फळीवरच बसलो. मुकादमानं मला मिलसमोरच्या गाळ्यात नेलं. तिथे एक डॉक्टर बसायचा. पाटी होती, डिग्री नव्हती. तो हसत म्हणाला, "एक सुई ले ले, शाम तक घोड़े जैसा दौड़ेगा."

आणि मी खरंच दौडलो. दुखणं कुठल्या कुठे गेलं. नुसतं कमरेचं नाही, सगळंच.

आमच्या भागात सुईला फार मान. गोळ्या देऊन परत पाठवणारा डॉक्टर लोकांना डॉक्टर वाटतच नाही. दवाखान्यातून घरी आलं की पहिला प्रश्न, सुई लावलन का? तेव्हा आठवड्यातून एक, मग दोन, मग रोज, असं होत गेलं त्यात मला काही वावगं दिसलं नाही. अर्धी मिल त्या गाळ्यात जायची. पुढे तो डॉक्टरच कंटाळला. मेडिकलमधून आणा आणि आपलं आपण लावून घ्या, मला रोज वेळ नाही, म्हणाला. त्याच्या हातून सुई घेत होतो तोवर मी मुकादमाचा मेहनती माणूस होतो. तीच सुई माझ्या हातात आली तेव्हा मी नशेडी झालो. मध्ये फक्त दीड वर्ष गेलं होतं.

मन्साराम माझा जोडीदार. माझ्याच गावचा, पवाराच्या घरचा. आम्ही एका जीपला लटकून मिलमध्ये जायचो, एका फळीवर चढायचो. गावात त्याच्या घरी माझा कप वेगळा ठेवलेला असायचा. मिलमध्ये आमची सुईसुद्धा एकच होती. या गोष्टीवर आम्ही दोघं पोट धरून हसायचो. त्याचं हसणं असं की थप्पीवरचा माणूस खाली डोकावून पाहायचा.

दवाखान्यातली गोष्ट मी फक्त त्यालाच सांगितली. तो हसला नाही. त्याचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपल्या दोन्ही हातांकडे पाहत राहिला, आणि मी त्याला अक्कल शिकवली. ती वाक्यं मी जन्मभर वाहतो आहे, म्हणून जशीच्या तशी लिहितो.

"हात साफ ठेव मन्सा. डाक्टर हातच पायते."

"मंग कुटी घेऊ?"

"जांघेत घे. तेथी कोन पायते?"

एवढं बोलून मी हसलो होतो. काहीतरी मोठी युक्ती सांगितल्यासारखा.

हळूहळू त्याच्या हातावरचे डाग फिके झाले. पावसाळ्यात त्याला थंडीताप भरला तेव्हा तो त्याच सरकारी दवाखान्यात गेला. संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. अंगात ताप होता तरी चेहरा फुललेला. डॉक्टरनं त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले होते. काही सापडलं नाही. मग त्याला स्टूलवर बसवलं, पाठीला नळी लावली, जीभ पाहिली, रक्त घेतलं, केसपेपर लिहून दिला.

"पाठीले हात लावून पाह्यलन गा मले," तो म्हणाला.

मला त्याचा हेवा वाटला आणि माझी छातीही फुगली. युक्ती माझी होती ना.

दिवाळीच्या आसपास मन्सा फळीवर पाय ओढायला लागला. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, शीर चढली. मग एक दिवस मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगाआड त्यानं मला मांडी दाखवली. मी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. मांडी फुगून ताणली होती, कातडी चकाकत होती, हात जवळ नेला तरी धग लागत होती. मी म्हणालो दवाखान्यात चल. तो म्हणाला, पँट काढावी लागन.

त्या खड्ड्यापाशी मी त्याला कितीदा उभं केलं होतं, माझ्या गोष्टीतून. तो तिथे जायला तयार नव्हता. आणि मी त्याला ओढत नेला नाही, कारण मी स्वतः तिथे पुन्हा जायला तयार नव्हतो.

घरी त्यानं सांगितलं, थप्पीवरून पडलो. हेही मीच सुचवलं होतं. हमाल माणूस थप्पीवरून पडतोच, कोणाला शंका येत नाही. त्याची बायको मुरगळ समजून रोज विटकर तापवून त्या मांडीला शेकत होती. तेल लावून चोळत होती. आतल्या पुवाला ती तिच्या हातानं सगळ्या अंगात पसरवते आहे हे तिला कोण सांगणार होतं? मला कळत होतं असं नाही. पण काहीतरी वाईट होतं आहे एवढं कळत होतं.

सहाव्या दिवशी तो बरळायला लागला तेव्हा तिनं मला बोलावलं. आम्ही दोघांनी त्याला काळी-पिवळी जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. तोच डॉक्टर. त्यानं मला ओळखलं. माझ्या पूर्ण बाहीच्या शर्टाकडे पाहिलं, मग मन्साकडे पाहिलं.

"हा पण तुझ्यातलाच का?"

मन्सा स्टूलवर बसला होता. बसला म्हणजे बायकोनं धरून ठेवला होता. त्यानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी पुन्हा कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. विनवणी होती ती. सांगू नको, अशी. की सांग, अशी? तेव्हा मला वाटलं सांगू नको. गेली कित्येक वर्षं मी तेच डोळे पुन्हा पुन्हा पाहतो आहे आणि आता मला खात्री राहिलेली नाही.

"नाही साहेब," मी म्हणालो. "थप्पीवरून पडला."

डॉक्टरनं त्याच्या बाह्या वर केल्या. हात साफ. मग त्यानं पँटवरूनच गुडघ्यापाशी दाबून पाहिलं, मुरगळलंय म्हणाला, दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या, ताप मलेरियाचा असेल म्हणून त्याच्याही लिहिल्या. केसपेपर नीट, शाईच्या पेननं भरून दिला. बाहेर पडताना मन्सानं त्या तापातही माझा हात दाबला.

"बचलो बे," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी पाय काळा पडला. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं कात्रीनं पँट कापली आणि एकदा पाहूनच विचारलं, कधीपासून घेतो? मी सगळं सांगितलं. सुई, जांघ, थप्पी, सगळं. तिथे कोणी आम्हाला बाहेर काढलं नाही. धावपळ केली, रक्त चढवलं. पण विष रक्तात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मन्साराम गेला. पंचवीस वर्षांचा पण नव्हता.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेलो. ती रडत नव्हती.

"भाऊजी, तुमाले मालूम होतं का?"

"हाव," मी म्हणालो.

तिनं पदर तोंडावर घेतला. त्यानंतर आजतागायत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. पुढे आमच्या तालुक्याच्या गोरेगावच्या बाजारात ती दोन-तीनदा दिसली. मी दिसलो की ती भाजी घेता घेता उठून जाते. बरोबरच आहे तिचं.

मन्सा मेल्याचं गावात कळलं तेव्हा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, खोटं बोलले, खोट्यानं मेला. सांगणाऱ्यानं हे मला अगदी मीठमिरची लावून सांगितलं. मी बोडीच्या पाळीवर जाऊन बसलो. ऊन डोक्यावर होतं. खोटं बोललो हे खरंच होतं. माझ्या तोंडानं बोललो. पण मी जन्मतः खोटं बोलणारा नव्हतो. पहिल्या वेळी मी बाही वर केली होती, खरा हात दाखवला होता. त्याचं मला काय मिळालं? खड्डा. मन्सानं खोटा, साफ हात दाखवला तर त्याला स्टूल मिळालं. त्या दवाखान्यात खऱ्या माणसाला बाहेर काढतात आणि लपवणाऱ्याला आत बसवतात, हे आम्ही दोघं तिथेच शिकलो होतो. मग राग आला. इतक्या उशिरा आला की त्या रागाचा मन्साला काही उपयोग नव्हता. मी पाळीवर बसून मोठमोठ्यानं शिव्या दिल्या, डॉक्टरला, मुकादमाला, त्या गाळ्यातल्या हसऱ्याला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. "बचलो बे" हे दोन शब्द कानातून जात नव्हते. अजून जात नाहीत. जेवताना घास हातात असतो आणि ते ऐकू येतं.

महिनाभरानं माझ्या पोटरीला गळू झालं. ताप आला. बापाला म्हणालो, मी दवाखान्यात चाललो. काय बोलणार तेही सांगितलं. बापानं जयंतीला घालायचा पांढरा सदरा पेटीतून काढला, घातला आणि माझ्यासोबत निघाला.

रांग मोठी होती. माझा नंबर आला. मी स्टूल हातानं धरून जवळ ओढलं आणि त्यावर बसलो. मग न सांगता दोन्ही बाह्या वर केल्या, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"मी सुया घेतो," मी म्हणालो. "हे हात. हा पाय. तपासा."

डॉक्टर म्हणाला, बाहेर थांब. मी बसून राहिलो. त्यानं शिपायाला हाक मारली. रांगेतून कोणीतरी ओरडलं की आमाले उशीर होऊन राहिला, उचला न याले. कोणीही माझ्या बाजूनं बोललं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत शेवटी लोक उभे राहतात असं लिहायची पद्धत आहे. कोणी उभं राहिलं नाही.

"पोलिसांना बोलवीन," डॉक्टर म्हणाला.

"बोलवा. पन पयले केसपेपर काढा. काय आहे थे लिवा त्याच्यात. मन्सारामच्या केसपेपरवर खोटं लिवल्या गेलं. माझ्या वाटचं खरं लिवा."

त्याचा चेहरा उतरला. दाराशी माझा बाप उभा होता. त्याच्याकडे पाहून डॉक्टर जरा नरमाईनं म्हणाला, "काका, तुम्ही तरी समजवा याला. आपल्या लोकांनीच असं केलं तर समाजाची काय इज्जत राहील?"

बापानं हात जोडले नाहीत.

"साहेब, पोरगा खरं सांगून राहिला," तो म्हणाला. "तुमी लिवा."

डॉक्टरनं हातमोजे घातले. केसपेपर ओढला. कधीपासून, काय, किती वेळा, विचारत गेला आणि लिहीत गेला. आवाज कोरडा, कपाळावर आठ्या, पण लिहीत गेला. मग वाकून त्यानं पोटरी दोन बोटांनी दाबून पाहिली, जांघेतल्या गाठी चाचपल्या, ड्रेसरला आत बोलावलं आणि तिथेच, आत, टेबलावर चीर देऊन पू काढायला लावला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

डॉक्टर बोटांनी दाबत होता आणि मला मन्साची मांडी दिसत होती. मी रडलो. डॉक्टरला वाटलं दुखलं म्हणून. एवढंच होतं सगळं. मोजे घालायचे, वाकायचं, पँट वर करून पाहायचं. एवढं झालं नाही म्हणून एक माणूस गेला. माझ्या लाजेनं आणि डॉक्टरच्या किळसेनं मिळून त्याला नेलं.

सुटलो का, असं लोक विचारतात. नागपूरला सरकारी गोळ्या मिळतात, सुईऐवजी. तिथे दोन वर्षं जात होतो. मध्ये दोनदा घसरलो. आता बराच काळ घेतली नाही. उद्याचं सांगत नाही. पण माझं सुटणं न सुटणं हा या गोष्टीचा विषय नाही. सुई घेणारा माणूस सुई घेत असतानाही तापानं फणफणतो, त्याचाही पाय सडतो, त्यालाही खोकला होतो. तो आधी सुधारेल आणि मग त्याला तपासू, असं म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मेलेलाच माणूस सुधारून येईल.

तो डॉक्टर बदलून गेला. नंतर एक बाई आल्या, त्या पेशंटला बसवून विचारायच्या. त्यांच्यानंतरचा पुन्हा पहिल्यासारखा निघाला. म्हणजे आपलं नशीब कोणाची बदली कुठे होते त्यावर. मला हे मान्य नाही. म्हणून आता मिलमधला कोणी, तालुक्यातला कोणी सुईवाला आजारी पडला की मी सोबत जातो. आधी एसटी स्टँडवर बसून त्याला विचारतो, खरं सांगायचं ना? तो बहुतेक वेळा नाही म्हणतो. मी त्याला मन्सारामची मांडी सांगतो, तिचा रंग सांगतो, वास सांगतो, तो हो म्हणेपर्यंत सांगतो. मग आम्ही आत जातो. तो बसतो आणि मी दारात बसतो.

मला तिथून खूपदा हुसकावलं आहे. एकदा शिपायानं कॉलर धरून पायऱ्यांवरून खाली ढकललं, पुन्हा वर जाऊन बसलो. पोलीस बोलवा, सरपंच बोलवा, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. तपासून, लिहून, औषध देऊन होईपर्यंत मी दारातून उठत नाही. एक माणूस मी खोटं बोलून मारला आहे. दुसरा माणूस गप्प बसून मारणार नाही.